बायोप्सीत लिम्फोसाइट वाढले, म्हणजे ग्लूटेनचा आजार ठरला का?

आपल्या बहिणीच्या ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) बायोप्सीत विलाय (अन्न शोषणारे बोटांसारखे उंचवटे) शाबूत आहेत, पण अभिस्तरातले (आतड्याच्या आतल्या अस्तरातले) लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) शंभर अभिस्तर पेशींमागे 38 असून ‘मार्श 1’ असा शेरा आहे, रक्तातली टीटीजी प्रतिपिंडे निगेटिव्ह आहेत आणि तपासणीच्या तीन महिने आधीपासून त्यांनी पोळी सोडली होती, असे आपण लिहिले आहे. त्यांना सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटण्याचा आजार) आहे, ग्लूटेनची नुसती संवेदनशीलता आहे, की दोन्ही नाही, हा आपला प्रश्न. पंधरा वर्षे अशा काचपट्ट्या पाहिल्यावर माझे मत असे, की 38 हा आकडा एकटा यांतले काहीच ठरवत नाही. त्या पेशी कोणत्या जातीच्या आहेत आणि गहू चालू असताना काय दिसते, यावर निदान अवलंबून असते.

आतड्याच्या अभिस्तरात पेशींच्या फटींमध्ये लिम्फोसाइट पहारेकऱ्यांसारखे बसलेलेच असतात. शंभरामागे 25 पर्यंत संख्या सामान्यतः चालते. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लायडिनचे (ग्लूटेनच्या एका घटकाचे) अर्धवट पचलेले तुकडे टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज (टीटीजी) हे विकर बदलते, ते तुकडे डीक्यू2 किंवा डीक्यू8 या, टी-पेशींना तुकडे दाखवणाऱ्या, आनुवंशिक रेणूंवर घट्ट बसतात आणि अभिस्तराखालच्या सीडी4 टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे दाह वाढवणारे रसायन सोडू लागतात. त्याच वेळी तणावाखालच्या अभिस्तर पेशींकडून आलेल्या इंटरल्यूकिन-15 या संदेशवाहक प्रथिनामुळे फटींमधले सीडी8 लिम्फोसाइट नैसर्गिक मारक पेशींसारखे वागू लागतात व शेजारच्याच पेशी मारतात. विलाय सपाट होतात ते यामुळे. मायकेल मार्श यांनी 1992 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात पायरी 1 म्हणजे लिम्फोसाइट वाढले आहेत, पण ही पडझड अजून झालेली नाही.

आता गॅमा-डेल्टा टी-पेशींकडे, म्हणजे या फटींमधल्या लिम्फोसाइटच्या एका वेगळ्या जातीकडे, वळतो, कारण मला सर्वाधिक महत्त्वाच्या त्या वाटतात. सिलिअ‍ॅकमध्ये यांची संख्या वाढते आणि गहू बंद करून विलाय पूर्ववत झाले तरी ती सहसा चढीच राहते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याहून पुढची गोष्ट दाखवली: निरोगी आतड्यात असणारा गॅमा-डेल्टा पेशींचा एक जन्मजात गट सिलिअ‍ॅकमध्ये नाहीसा होतो, त्याची जागा ग्लूटेनला प्रतिसाद देणाऱ्या, इंटरफेरॉन बनवणाऱ्या पेशी घेतात आणि पथ्य पाळूनही जुना गट परत येत नाही. म्हणजे आहार सुधारला तरी आतड्याची जडणघडण पूर्वीसारखी राहत नाही.

सिलिअ‍ॅक नसलेल्या ग्लूटेन-संवेदनशीलतेचे चित्र वेगळे आणि पुसट आहे. 2011 मधल्या एका अभ्यासात अशा रुग्णांत अल्फा-बीटा लिम्फोसाइट (नेहमीच्या जातीचे) वाढलेले होते, पण गॅमा-डेल्टा निरोगी व्यक्तींइतकेच. शिवाय जन्मजात प्रतिकाराशी संबंधित टीएलआर2 ग्राहक वाढलेला आणि नियामक टी-पेशींची खूण असलेले फॉक्सपी3 घटलेले आढळले. मात्र या अवस्थेची खात्रीशीर चाचणी आजही नाही, आणि 2018 मध्ये नॉर्वेतल्या चाचणीत स्वतःला संवेदनशील म्हणवणाऱ्यांना ग्लूटेनपेक्षा गव्हातल्या फ्रुक्टान या कर्बोदकाचा त्रास अधिक झाला. त्यामुळे ‘पोळी सोडल्यावर बरे वाटले’ हे खरे असले, तरी त्याचे श्रेय ग्लूटेनलाच द्यावे असे नाही.

शिवाय मार्श 1 हा शेरा हेलिकोबॅक्टर पायलोरी (जठरातला जिवाणू), जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या सततच्या वापरानेही येतो. आपल्याकडे या कारणांचा विचार आधी व्हायला हवा, असे मी आग्रहाने सांगेन.

गहू बंद असताना केलेली टीटीजी फसवी असू शकते. आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार मुळातच कमी असलेल्या व्यक्तीतही आयजीए प्रकारची टीटीजी निगेटिव्ह येते, म्हणून एकूण आयजीए मोजलेले आहे का ते पाहावे. त्यापुढे डीक्यू2 व डीक्यू8 ची जनुकीय तपासणी करावी. ती गहू बंद असतानाही चालते आणि दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळपास वगळता येतो. (असतील तर मात्र फारसे सिद्ध होत नाही, कारण ही जनुके असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही.) जनुक आढळले, तर गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली रोज किमान 3 ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे ढोबळमानाने एक-दोन पोळ्या, निदान दोन आठवडे आणि सोसवत असेल तर आठ आठवड्यांपर्यंत घेऊन टीटीजी व बायोप्सी पुन्हा करावी. मूळ पॅराफिन ठोकळा (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) प्रयोगशाळेतून मागवून सीडी3 रंजनासह (टी-पेशी उठून दिसाव्यात म्हणून केलेल्या रंगकामासह) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घेतला, तर 38 ही मोजणी कितपत बरोबर आहे तेही कळेल. आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. बांधानी (पीठ मिसळून तयार केलेल्या) हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे त्या तीन महिन्यांत गहू पूर्ण बंद होता की नव्हता हे आधी निश्चित करावे लागेल.