उत्तर : राणीघरं कापून लावली, पण राणी निघालीच नाही

तुम्ही लिहिलंय की सातेरी मधमाश्यांची पाच राणीघरं (पोळ्यावरची, नवी राणी वाढते ती लोंबती घरं) कापून नव्या पेट्यांना लावली. तीन घरांतल्या राण्या आतच मेल्या, उरलेली दोन घरं माश्यांनी बाजूने फोडली. वाचून पोटात कालवलं. माझं पहिलं विभाजन, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करणं, असंच गेलं होतं.

त्या वेळी प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, ‘चौकट (पोळं धरणारी लाकडी फ्रेम) झटका, माश्या पडल्या की घर कापा.’ मी झटकली. सात घरं डब्यात आडवी ठेवून मोटारसायकलने घाट उतरलो. नंतर उघडून पाहिलं तर चारांत काळी पडलेली पिल्लं, एका राणीचे पंख चुरगळलेले. घराचं तोंड मेणाने बंद झाल्यावर पहिले चार-पाच दिवस आतला जीव फार नाजूक असतो, हे कुणी बोललंच नव्हतं. कार्यालयात फोन केले, तर दर वेळी ‘साहेब दौऱ्यावर’. हंगाम साहेबांसाठी थांबत नाही हो! दोन वसाहती राणीविना संपल्या, त्याची चुटपुट आजही आहे.

म्हणून माझं ठाम मत : राणीघराची चौकट कधीही झटकू नये. मऊ पिसाने माश्या हलकेच बाजूला साराव्यात. कापायचं ते पिकल्यावरच. सातेरीत ओळख सोपी आहे. कामकरी माश्या टोकावरचं मेण खरवडतात आणि आतला तपकिरी कोष उघडा पडतो. मात्र उशीरही नको, पहिली निघालेली राणी बाकीच्यांना आतच मारते. वर बोटभर पोळं ठेवून कापा, कुशीला दाबू नका, टोक खालीच राहू द्या. मी स्पंजला भोकं पाडून त्यात उभी नेतो, उन्हात ठेवत नाही.

तुमची ती दोन फोडलेली घरं? माश्या टोकाला सहसा हात लावत नाहीत, बाजूने फोडतात. कुशीभोवती अॅल्युमिनियमची पन्नी गुंडाळा, टोक मोकळं सोडा. आणि पेटी आधी एक दिवस तरी राणीविना असू द्या. घाईने लावलेलं घर त्या परकं समजतात. नंतर टोकाला गोल झाकण लोंबताना दिसलं, तर राणी सुखरूप निघाली.

हे सगळं माझ्या डोंगरातल्या सातेरीचं. मेलिफेरा ही परदेशी मधमाशी मी पाळलेली नाही, तिथले जाणकार वेगळं सांगतील. आणि राणी निघाली म्हणून रोज पेटी उघडू नका, दोन आठवडे तिला मिलनासाठी निवांत सोडा. तुमची घरं बंद होऊन किती दिवस झाले होते, ते जरूर लिहा.