केप हॉर्नची सफर आणि ज्येष्ठ नागरिक योजनेतील 15 लाख

सप्रेम नमस्कार.

ब्युनोस आयर्सहून निघून दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालत चिलीतील सॅन अंतोनियो बंदरात संपणाऱ्या जलप्रवासाला आपण उभयता पुढील जानेवारीत जाऊ इच्छिता. विमानभाड्यासह 12 लाख रुपये खर्च सांगण्यात आला असून त्यात किनाऱ्यावरील सहलींचे 2 लाख 10 हजार आहेत. त्यासाठी दीड वर्षापूर्वी उघडलेले ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे 15 लाखांचे खाते बंद करावे काय, असे आपण विचारले आहे.

प्रवासास अवश्य जावे. खात्याला मात्र हात लावू नये. त्यातून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही, संपूर्ण खातेच बंद करावे लागते आणि दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी तसे केल्यास दीड टक्का, म्हणजे 22,500 रुपये कापले जातात. ही कपात एकदाच सोसायची आहे, पण 8.2 टक्के दराने दर तिमाहीस हाती येणारे 30,750 रुपये, ज्यांतून आपली औषधे आणि सोसायटीचा देखभाल खर्च भागतो, ते कायमचे थांबतील. त्याऐवजी जूनमध्ये मुदत पूर्ण होणारी बँकेची 8 लाखांची ठेव वापरावी आणि उरलेली रक्कम जुन्या समभाग फंडातून काढावी. ती निम्मी मार्चअखेर व निम्मी एप्रिलमध्ये काढल्यास दीर्घकालीन नफ्यावरील 1.25 लाखांची करसवलत दोन आर्थिक वर्षांत वापरता येईल.

सहलींच्या यादीवर मात्र मी कात्री चालवीन. माँटेव्हिडिओचे जुने शहर बंदराला लागूनच आहे आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडील उशुआयाच्या धक्क्यावरूनही बाजारपेठेत पायी जाता येते, त्यामुळे तेथे बसमधून नगरदर्शन घेण्यासाठी डॉलर मोजण्याचे कारण मला दिसत नाही. केप हॉर्न तर डेकवरूनच पाहायचे असते. पुएर्तो माद्रिनहून पुंता तोंबोची पेंग्विन वसाहत पाहण्याची सहल मात्र जहाजाकडूनच घ्यावी, कारण अंतर एका बाजूने सुमारे 180 किलोमीटर आहे आणि बाहेरून ठरवलेली गाडी वाटेत अडकली तर जहाज थांबत नाही. फॉकलंडमधील स्टॅन्ली येथे प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. वारा वाढला की कप्तान ते बंदर वगळतो. म्हणून तेथील सहलीची परताव्याची अट आधी लेखी घ्यावी. एवढ्याने सहलींचा खर्च 90 हजारांच्या आसपास येईल.

वाचलेली रक्कम बाल्कनीच्या खोलीवर घालवू नये. तरीही ती घ्यायचीच असेल तर उजव्या बाजूची मागावी. या मार्गावर प्रदक्षिणेप्रमाणे भूमी बहुतांशी उजव्या हातालाच राहते. माझ्या मते तो पैसा आजारपणात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च देणाऱ्या प्रवास विम्यासाठी आणि जहाजावर दररोज माणशी आकारल्या जाणाऱ्या सेवाशुल्कासाठी ठेवावा. विम्याच्या अर्जात आपला रक्तदाब आणि पत्नींचा मधुमेह स्पष्ट नमूद करावा. सहल कंपनी पैसे घेतानाच आगाऊ वसूल करील तो कर, म्हणजे टीसीएस, खर्चात धरू नये, कारण विवरणपत्र भरताना तो करातून वळता होतो. मात्र त्याचा दर अलीकडे अनेकदा बदलल्याने पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारून तेवढी रोकड हाताशी ठेवावी.