लग्नावरून ग्रीन कार्ड: सुरुवातीला एवढं सांभाळा

अभिनंदन! फॉर्मची संख्या बघून दडपून जाऊ नका. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि तुम्ही रीतसर व्हिसावर अमेरिकेत आला असाल, तर आय-१३० (जोडीदाराने तुमच्यासाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डासाठी तुमचा स्वतःचा अर्ज) सहसा एकत्रच भरता येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक प्रवासाची. आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात येण्याआधी देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. वैध एच-१बी (नोकरीचा), एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांचा) किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीचा) व्हिसावर असाल तर सूट आहे. बाकीच्यांनी घरच्या लग्नासाठीसुद्धा तिकीट काढू नये.

कागदांत बहुतेक जण इथे अडकतात:
- मराठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, शिक्क्यांवरच्या मजकुरासह. भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र जोडा. नोटरी लागत नाही.
- जन्मदाखल्यात नाव नसेल तर ते घालून मिळेल का, हे महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आत्ताच विचारा.
- लग्नाआधीचं-नंतरचं नाव सगळीकडे जुळवा.

लग्न खरं आहे हे दाखवायला नुसते लग्नाचे फोटो पुरत नाहीत. संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावावरचा भाडेकरार, विम्यातलं नामांकन आजपासून जमवा. पत्ता बदलला तर १० दिवसांत अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला (यूएससीआयएस) कळवा.

मुलाखतीची तयारी नंतर बघू. आधी जन्मदाखला काढून बघा.