40 घरांच्या पाड्यासाठी आधी काय घ्यावे? विळा, दोरी आणि धुरांड्याची चूल

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या 40 घरांच्या एका पाड्यासाठी तुमच्या मित्रमंडळाने पैसे जमवले आहेत. कमाई वाढेल आणि बायकामुलांची तब्येतही सुधारेल असे काय द्यावे, पॉवर टिलर की शिलाई यंत्रे, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे मत स्पष्ट आहे: पॉवर टिलर नको. उतारावरची खाचरे लहान आणि बांध उंच असतात. एका खाचरातून दुसऱ्यात यंत्र न्यायचे म्हणजे चार माणसे हवीत, आणि ऐन चिखलणीत ते बंद पडले तर दुरुस्तीसाठी तालुका गाठावा लागतो. शिवलेल्या कपड्यांना पाड्यात गिऱ्हाईक किती मिळेल, तेही आधी विचारून घ्या. ज्या कामात बाईची कंबर जाते आणि छाती धुराने भरते, त्या कामाचे अवजार आधी घ्यावे. लावणी, बेणणी, कापणी, कांडप आणि स्वयंपाक ही ती कामे.

सगळ्यात स्वस्त सुरुवात विळ्याने होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा घ्या, घरटी दोन. साधा विळा मारावा लागतो, हा ओढावा लागतो: डाव्या हातात भाताची चूड (झुबका) धरायची, विळा जमिनीलगत अडकवायचा आणि आपल्याकडे खेचायचा. मनगटाला हिसका बसत नाही आणि शेतात सारखी धार लावत बसावे लागत नाही. जमिनीलगत कापल्यामुळे पेंढा जास्त मिळतो आणि धसकटात दडलेल्या खोडकिड्याच्या अळ्याही खाचराबाहेर जातात. चूक होते ती एकच, पण नेहमीची. जुन्या सवयीने कोणीतरी तो दगडावर घासतो आणि दाते सपाट होतात. वाटतानाच सांगा की याला दगड लावायचा नाही. दाते झिजले की विळा बदलायचा. पाड्यात डावखुरे कोण आहेत तेही विचारा, कारण दाते एकाच बाजूने तासलेले असले तर त्यांना तो नीट चालत नाही.

दुसरी वस्तू लावणीची दोरी. चारसूत्री भात लागवड या सुधारित पद्धतीतली ही दोरी घरी तयार होते, त्यासाठी दुकानात जायला नको. नायलॉनची जाड दोरी घ्या आणि तिच्यावर आळीपाळीने 15 आणि 25 सेंटिमीटरवर खुणा करा. खूण रंगाची नको, रंगीत धाग्याची गाठ हवी. रंग चिखलात दिसत नाही, गाठ बोटाला लागते. सुती दोरी भिजली की आकसते आणि अंतर चुकते, म्हणून नायलॉन. प्रत्येक खुणेवर 2 ते 3 रोपांची चूड लावायची आणि ओळींमधले अंतरही तसेच 15, 25, 15, 25 ठेवायचे. मग शेतात चार चुडांचे 15 सेंटिमीटरचे चौकोन उभे राहतात आणि मध्ये 25 सेंटिमीटरच्या वाटा मोकळ्या राहतात.

त्या चौकोनाच्या मध्यावर युरिया आणि डीएपी ही खते 60:40 प्रमाणात दाबून केलेली 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट (गोळी) लावणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. एका गुंठ्याला साधारण 630 ब्रिकेटी म्हणजे 1.7 किलो, 20 गुंठ्यांना 34 किलो. फेकलेल्या युरियाचा बराच भाग पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो किंवा हवेत उडतो. खोल खोचलेले खत मुळाशीच राहते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या उतारावर उत्पन्नातला फरक पडतो तो इथे.

बिघडते कुठे? मजुरीची घाई असली की ब्रिकेट वरच्या चिखलात टाकून माणूस पुढे सरकतो, मग पैसे पाण्यात. बांध फुटका असेल आणि खाचरात पाणी टिकत नसेल तर आधी बांध दुरुस्त करा, तोवर ब्रिकेट नको. नंतर चौकोनात पाय देऊ नये, चालायचे ते 25 सेंटिमीटरच्या वाटेने. ब्रिकेटी पावसाळी हवेत पाझरतात, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि लागतील तेवढ्याच उघडा. पहिल्या वर्षी दोरीमुळे लावणी रेंगाळते आणि बायका कंटाळतात. त्यांचे म्हणणे खरेच असते, म्हणून प्रत्येक घराच्या एकाच खाचरावर सुरुवात करा. त्या 25 सेंटिमीटरच्या वाटांत ढकलकोळपे (ढकलत तण काढायचे अवजार) चालते आणि बेणणी उभ्याने होते. कोळप्याचा दांडा बाईच्या खांद्यापर्यंत यावा. बाजारातला दांडा पुरुषाच्या मापाचा असेल तर काढून बांबूचा बसवा.

आता चूल. तब्येतीचा तुमचा प्रश्न मुख्यतः इथे सुटतो. बंद झोपडीतल्या तीन दगडांच्या चुलीचा धूर लहान मुलांच्या न्यूमोनियाचे आणि बायकांच्या दम्यासारख्या जुनाट खोकल्याचे मोठे कारण आहे. उज्ज्वला योजनेची टाकी घरात असली तरी ती परत भरून घेणे परवडत नाही, म्हणून सरपण चालूच राहते. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेची लक्ष्मी चूल अशा घरांना बरी: दोन भांड्यांची, मागे धुरांडे असलेली, साच्यातून घडवता येणारी. ती गॅसइतकी स्वच्छ नाही. घरात तान्हे बाळ असेल तर निदान त्या वर्षी गॅस भरून देण्याचे पैसे वेगळे ठेवा.

चूल घडवल्यावर आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्या, घाईने पेटवली तर तडे जातात. धुरांडे छपराच्या वर दोन-तीन फूट गेले पाहिजे, नाहीतर वारा धूर उलटा आत ढकलतो. वर टोपी हवी. गवती छपरातून पाइप जातो तिथे भोवती पत्र्याची चौकट बसवा, हे राहिले तर घर पेटेल. ॲस्बेस्टॉसचा पाइप फुकट मिळाला तरी घेऊ नका. पंधरा दिवसांतून एकदा काजळी काढायची. काजळी साठली की धूर तोंडातून येतो, मग बाई चुलीचे तोंड फोडून मोठे करते आणि चूल कामातून जाते. तोंड फुटायचे दुसरे कारण लांब, जाड ओंडके, म्हणून लाकूड मनगटाएवढे फाडून द्यायची व्यवस्था हवी. वैलावर (चुलीच्या दुसऱ्या भोकावर) भांडे नसेल तेव्हा झाकण ठेवायचे. साचा घेण्याआधी त्या घरांतला नागलीच्या भाकरीचा तवा आणि भाताचे टोप मोजून घ्या. भांडे भोकावर नीट बसले नाही तर फटीतून धूर येतो आणि धुरांड्याचा खर्च वाया जातो.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. चुलीच्या वर टांगलेले बियाणे आणि छपराचा बांबू धुरामुळेच किडीपासून वाचतात. धूर बाहेर काढलात तर बियाण्यासाठी घट्ट झाकणाची कोठी त्याच वेळी द्या. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात भुंगा लागेल आणि दोष चुलीला मिळेल.

उरलेल्या पैशांत वरई सडायची लहान गिरणी बघा. वरई उखळात कांडणे फार कष्टाचे, म्हणून ती न सडताच स्वस्तात विकली जाते आणि घरात बाजारचा तांदूळ येतो. दाणा वाळलेला आणि खडे काढलेला हवा, ओला असेल तर चुरा होतो. पाड्यात विजेचा दाब कमी असेल तर मोटर जळते. भर संध्याकाळी, सगळे दिवे लागलेले असताना दाब मोजून मगच ऑर्डर द्या.

वेळ सांभाळा. दिवाळीनंतर बरीच घरे वीटभट्टीवर जातात आणि होळीला काही दिवस येतात, म्हणून जानेवारीत चुलींचे शिबिर ठेवले तर माणसेच नसतील. चुली मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत. दोरी आणि ब्रिकेटी जूनच्या आधी, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे एप्रिलमध्येच चौकशी करा. विळे सप्टेंबरअखेर. कोळपी आणि गिरणी बायकांच्या बचत गटाच्या ताब्यात द्या आणि सुटे दांडे, पट्टे, नटबोल्ट यांची पेटी पहिल्याच दिवशी सोबत ठेवा.