आई म्हापशाला एकटी राहते. सरकारी खर्चाने घरी मदतनीस मिळेल का?

अंघोळ घालायला आणि जेवण करून द्यायला रोज घरी येणारी बाई सरकार पाठवत नाही. ती तुम्हालाच पगार देऊन ठेवावी लागेल. मावशीचे कागद मीच फिरून केले, त्यामुळे काय मिळतं ते सांगतो.

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून साठीपुढच्यांना महिना २००० रुपये मिळतात. गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, उत्पन्नाची अटही आहे, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि म्हातारं माणूस बँकेत पासबुक छापून घेत बसतं. एवढ्या पैशात पूर्ण वेळची बाई मिळत नाही, पण सकाळच्या कामवालीला हातभार लागतो.

आई अंथरुणाला खिळली असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अशा रुग्णांना घरी जाऊन बघणं धरलेलं आहे. मात्र ही अधूनमधूनची भेट. नर्स काही घरी राहत नाही. वॉकर, श्रवणयंत्र, कवळी हवी असेल तर राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात फुकट मिळते, उत्पन्न महिना १५,००० रुपयांच्या आत असेल तर.

आधी १४५६७ लावा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट. ७० पुढच्यांचं आयुष्मान कार्डही काढून ठेवा, पण ते इस्पितळात भरती होण्यासाठी. घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.