बेळगावात थंडीत पक्षी कुठे आणि कसे बघावेत?

तुम्ही विचारलंय, बेळगावात नुकतेच राहायला आलोय, कॅमेरा नाही, सकाळी जेमतेम तासभर मिळतो, तर थंडीत पक्षी कुठे बघावेत आणि घरच्या परड्यात काही दिसेल का. दिसेल की, भरपूर दिसेल. फक्त पहिल्याच हिवाळ्यात दहा जागा हिंडू नका. एक तळं धरा आणि आपलं परडं धरा. रोजचे पक्षी ओळखीचे झाले की पाहुणा आपसूक नजरेत भरतो.

तळं म्हणजे किल्ल्यासमोरचं कोटेकेरे. ऊन चढायच्या आत जा आणि सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडा, नाहीतर पाण्याच्या चकाकीत सगळेच पक्षी काळे दिसतात. सुरुवात वारकरी आणि टिबुकलीपासून करा, कारण लांबून दोन्ही बदकंच वाटतात. वारकरी काळाकुट्ट, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र. उडायचं झालं की पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतो, मग कुठे हवेत उठतो. टिबुकली लहानखुरी, टुपकन बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. बदकांमध्ये उत्तरेकडून येणारा थापट्या कुठल्याही पाण्यावर दिसला तर त्याच्याकडे निवांत बघत बसा. त्याची चोच टोकाला पळीसारखी पसरट असते. ती पाण्याला टेकवून, मान न उचलता तो पुढे सरकत राहतो. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यांतून पाणी गाळून बिया आणि बारीक जीव खातो. काठावर शेपटी वरखाली करत धावणारा तो धोबी.

आता परडं. मला विचाराल तर थंडीतला सगळ्यात लाघवी पाहुणा इथेच येतो, थिरथिरा. हिमालय आणि त्यापलीकडच्या उंच मुलखातून ऑक्टोबरच्या सुमारास येतो, उन्हाळा लागला की परततो. नर वरून काळा, पोट विटकरी, मादी तपकिरी. कंपाउंडच्या भिंतीवर बसतो, जमिनीवर किडा दिसला की खाली झेपावतो, परत भिंतीवर. आणि बसल्या बसल्या शेपटी सारखी थरथरवत असतो, ती एकदा बघितली की ओळख विसरत नाही. त्याच्यासाठी दाणे टाकून उपयोग नाही, त्याला किडे लागतात. म्हणून एका कोपऱ्यातला पालापाचोळा झाडून जाळू नका, औषध फवारू नका. झुडपाजवळ मातीच्या पसरट भांड्यात दोन इंच पाणी ठेवा आणि ते रोज बदला. जास्वंदीवर शिंजीर येईल, पेरूच्या फांदीवर दयाळ, आणि सातभाईंचा कालवा असणारच.

जोडीला एखादी सकाळ येळ्ळूर-वडगावच्या शिवारात घालवा. भात काढून झाल्यावर तारेवर खाटीक पक्षी बसलेला असतो, आणि नशीब असेल तर पिकांवरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिसतो.

सुट्टीच्या दिवशी मात्र गोकाक तालुक्यातलं धुपदाळ गाठा. तिथल्या बंधाऱ्याच्या पाण्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र 29.78 चौरस किलोमीटर. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने घटप्रभा स्टेशनवर उतरायचं, तिथून धुपदाळ जवळच. कांड्या करकोच्यांसाठी ही जागा ओळखली जाते. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून लोंबणारा पांढऱ्या पिसांचा तुरा. सकाळी ते चरायला शेतात जातात, ऊन तापलं की पाण्यावर येतात, तेव्हा दुपारपर्यंत थांबायची तयारी ठेवा. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की शेकाटे आणि तुतवार हे चिखलात चरणारे पक्षीही वाढतात. धरण तुडुंब असेल तर त्यांना पाय टेकायला जागाच नसते.

दुर्बीण 8×42 ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. जास्त ताकदीची नवख्याच्या हातात हलते. आवाजावरून ओळखायला मोबाईलवर मर्लिन ॲप चांगलं आहे, पण त्याने सांगितलेलं नाव पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, चार दिवसांचा. कुठेही किमान पंधरा मिनिटं थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. परड्यातली मोजणीही चालते, मुलांना जरूर सोबत घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. संक्रांतीला पतंग उडतात. नायलॉन मांज्यावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो झाडांवर लोंबताना दिसतो आणि घारी, बगळे त्यातच अडकतात. तुमच्या झाडावर दिसला तर काठीने ओढून काढा आणि बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका.