वडिलांची चाल फोन 'असमान' दाखवतो. मेट्रोनोम (एकसारखा ठेका देणारं यंत्र) लावून पावलं सारखी करून घेऊ का?

वय ७१, पडले नाहीत, दुसरा आजार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग नका लावू. घड्याळासारखी पावलं म्हणजे तब्येत चांगली, हा समज आम्हा चाल तपासणाऱ्यांपैकीच काहींनी पसरवला आणि मला तो अजिबात मान्य नाही.

१९२०च्या दशकात मॉस्कोत हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नश्टाइन यांनी छिन्नीवर घाव घालणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून हालचाली टिपल्या. घाव नेमका बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडे निराळे फिरायचे. एक सांधा चुकला की दुसरा सांभाळून घेतो. चालण्याचंही तेच. खड्डा, ओली फरशी, मध्येच आलेलं कुत्रं, सगळं या सैलपणामुळेच निभावतं. उभं राहतानाही निरोगी शरीर सतत किंचित डोलतं; 'ताठ, हलू नका' असं आजोबांना बजावणारे त्यांचे स्नायू उगाच आवळायला लावतात.

बहुतेक फोन 'असमान' म्हणतात तो डाव्या-उजव्या पायातला फरक. गुडघा दुखत असला तरी तो येतो. पावलागणिक पडणारा खरा फरक मोजायचा तर एकाच पायाची टाच टेकण्याच्या वेळा घ्या. टाचेपासून त्याच टाचेपर्यंत, म्हणजे एका आवर्तनाला, साधारण १.१ सेकंद लागतो आणि निरोगी माणसात त्यात १ ते ३ टक्के फरक पडतो. २ टक्के म्हणजे २२ मिलिसेकंद. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे दोन चित्रांतच ३३ मिलिसेकंद गेले! २४० चित्रांचं स्लो मोशन लावा. नेहमीच्या चपला, सरळ सपाट रस्ता, निदान ५० आवर्तनं; सुरुवातीची, थांबतानाची आणि वळणावरची गाळा. मग या वेळांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) भागिले सरासरी, गुणिले १००, ही झाली टक्केवारी. ट्रेडमिलवर मोजू नका, तिथे वेग पट्टा ठरवतो.

१९९०च्या दशकात चालीचे संशोधक जेफ्री हाउसडॉर्फ आणि सहकाऱ्यांना दिसलं की आत्ताच्या आवर्तनाचं शेकडो आवर्तनांपूर्वीच्या चालीशी नातं असतं, आणि मेट्रोनोमच्या ठेक्यावर चालवलं की ते तुटतं. म्हणून माझा विरोध.

अर्थात टक्केवारी बरीच वाढलेली असेल तर पडण्याचा धोका असतो, डॉक्टरांना दाखवाच. आणि पार्किन्सन निघाला तर गोष्ट वेगळी, तिथे ठेका खरोखर मदत करतो, पण तो फिजिओथेरपिस्टनं ठरवून द्यावा.